धान्य, साखर आणि खाण्याची ओढ

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त आयोजित आरोग्य व्याख्यानात आमच्या वैद्यक विभागातील ज्येष्ठ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात आपण सहसा नव्या यंत्रसामग्रीविषयी आणि नव्या विभागांविषयी ऐकतो. आज मला ज्या विषयावर बोलावयाचे आहे, तो आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरातला आहे. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न आम्हाला वारंवार ऐकावयास मिळतो. ‘‘डॉक्टर, साखर आणि पोळी-भात सोडला तर वजन उतरेल का?’’ आणि त्यापाठोपाठ रुग्णाची पत्नी किंवा मुलगी हळूच विचारते, ‘‘उतरेल हो, पण यांना राहवेल का?’’

पहिला प्रश्न वजनाचा आहे आणि दुसरा राहवण्याचा. पहिल्याचे उत्तर देणे तुलनेने सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र घरातल्या सर्वांनी मिळून द्यावयाचे असते. म्हणूनच आज रुग्णांबरोबर त्यांच्या कुटुंबीयांशीही बोलण्याची ही संधी मला मोलाची वाटते.

जुनीच कल्पना

धान्य आणि साखर वर्ज्य करून वजन उतरविण्याची कल्पना आजकालची नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ होते. अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणे हा त्यांचा व्यवसाय. स्थूलतेमुळे त्यांना जिना उतरणेही अवघड झाले होते. डॉ. विल्यम हार्वी यांच्या सल्ल्यावरून त्यांनी पाव, साखर, बटाटे, दूध, लोणी आणि बिअर हे पदार्थ आहारातून काढून टाकले. साधारण वर्षभरात त्यांचे वजन सुमारे २१ किलोंनी उतरले. आपला अनुभव त्यांनी १८६३ साली एका छोट्या पुस्तिकेत प्रसिद्ध केला आणि ती इतकी गाजली की इंग्रजीत ‘बँटिंग करणे’ म्हणजे वजन उतरविण्यासाठी पथ्य करणे असा शब्दप्रयोगच रूढ झाला. त्यानंतरच्या दीडशेहून अधिक वर्षांत हीच कल्पना नवनवी नावे घेऊन पुन्हा पुन्हा आली. ती वारंवार येते, त्याअर्थी तिच्यात तथ्य आहे. आणि ती वारंवार मागे पडते, त्याअर्थी तिच्यात काहीतरी उणेही आहे. हे तथ्य कोणते आणि उणीव कोणती, हे आपण क्रमाने पाहू.

भूक आणि ओढ

प्रथम दोन गोष्टींत फरक करावयास हवा. भूक ही पोटाची गरज आहे. पिठले-भाकरी समोर आली तरी ती शमते. ओढ वेगळी. तिला ठरावीक पदार्थच हवा असतो. जेवण होऊन अर्धा तास झालेला असतो, पोट भरलेले असते, तरीही ‘काहीतरी गोड हवे’ असे वाटते आणि हात बिस्किटांच्या डब्याकडे जातो. अशा वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. आता कोणी ताजी भाकरी आणि मेथीची भाजी आणून दिली तर मी खाईन का? उत्तर ‘होय’ असेल तर ती भूक आहे आणि माणसाने जेवावे. उत्तर ‘नाही, मला बर्फीच हवी’ असे असेल तर ती ओढ आहे.

ही ओढ केवळ मनाचा दुबळेपणा नव्हे. साखर, मैदा, पोहे, पांढरा भात यांसारखे पदार्थ लवकर पचतात. त्यांच्यामुळे रक्तातील ग्लुकोज वेगाने चढते, ते खाली आणण्यासाठी इन्सुलिन स्रवते आणि काही माणसांमध्ये दोन-तीन तासांनी ग्लुकोज मूळ पातळीच्याही खाली उतरते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी सहकाऱ्यांसह सुमारे १,०७० व्यक्तींवर केलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात असा उतार मोठा होता, त्यांना भूक लवकर लागली आणि त्यांनी दिवसभरात सरासरी सुमारे ३०० कॅलरी अधिक घेतल्या. त्याआधी १९९९ साली अमेरिकेत डॉ. डेव्हिड लुडविग यांनी स्थूल किशोरवयीन मुलांना एकदा झटपट शिजणारे ओट्स, एकदा भरड ओट्स आणि एकदा भाज्या घातलेले ऑम्लेट असे सारख्याच कॅलरींचे जेवण दिले होते. झटपट ओट्स खाल्लेल्या दिवशी मुलांनी पुढे आपणहून घेतलेल्या कॅलरी भरड ओट्सच्या दिवसापेक्षा ५३ टक्के आणि ऑम्लेटच्या दिवसापेक्षा ८१ टक्के अधिक भरल्या. मुले अवघी १२ होती, म्हणून या आकड्यांवर फार मोठी इमारत उभारू नये. तथापि सकाळी अकरा वाजता लागणारी ‘भूक’ पुष्कळदा आठच्या न्याहारीतूनच जन्माला येते, हे आपणही अनुभवलेले आहे.

सोडल्यावर ओढ वाढते की घटते?

आता त्या ‘राहवेल का’ या प्रश्नाकडे येऊ. लोकांची समजूत अशी, की जे सोडावे त्याचीच वासना वाढते. पहिल्या आठवड्यापुरते ते खरे वाटू शकते. डोके जड होते, चिडचिड होते, चार वाजता चहाबरोबर काहीच नाही हे सहन होत नाही. पण पुढे काय होते?

अमेरिकेतील संशोधकांनी सुमारे २७० स्थूल व्यक्तींना दोन गटांत विभागून दोन वर्षे त्यांचा अभ्यास केला आणि तो २०११ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने पिष्ट व गोड पदार्थ कमी केले, दुसऱ्याने स्निग्ध पदार्थ. ज्यांनी पिष्ट पदार्थ कमी केले त्यांची त्याच पदार्थांची ओढ अधिक घटली आणि ज्यांनी स्निग्ध पदार्थ कमी केले त्यांची तळलेल्या-तुपकट पदार्थांची. म्हणजे जे सोडले त्याचीच ओढ ओसरली. रुग्णांना मी हा निष्कर्ष आवर्जून सांगतो, कारण त्यातून धीर मिळतो. पहिल्या पंधरवड्यात जो त्रास होतो तो जन्मभर पुरणारा नसतो.

दुसरा एक बारकावा चवीचा आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही व्यक्तींनी तीन महिने आहारातील साखर बरीच कमी केली. त्या काळात पूर्वीचीच खीर त्यांना अधिक गोड लागू लागली. बिनसाखरेच्या चहाची सवय झालेल्यांना लग्नघरचा चहा पाकासारखा लागतो, तो याच कारणाने. मात्र याच अभ्यासात त्यांची गोडाची आवड फारशी बदललेली आढळली नाही आणि बंधन उठताच त्यांची जीभ काही आठवड्यांत पूर्वपदावर आली. तात्पर्य, जीभ शिकते, पण शिकलेले विसरतेही. म्हणून ‘एक महिना साखर बंद’ असा संकल्प सोडून पुन्हा मूळ पदावर येण्यापेक्षा, चहातील दोन चमचे प्रथम एक आणि मग अर्धा करून तेथेच कायम राहणे अधिक हिताचे. साखरेऐवजी कृत्रिम गोडी वापरण्याचा मार्ग अनेकांना आकर्षक वाटतो. वजन उतरविण्यासाठी त्यावर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिला आहे. मधुमेह असलेल्यांना तो सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही, परंतु गोडाची सवय तशीच जिवंत राहते, हे त्यांनीही लक्षात ठेवावे.

वजनाचा हिशोब

पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलोंनी उतरला की रुग्ण हर्षभरित होऊन येतो. त्याचा हिरमोड करणे मला आवडत नाही, पण खरे सांगावेच लागते. आपले यकृत आणि स्नायू ग्लायकोजेनच्या रूपाने पिष्टाचा साठा करतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. धान्य सोडताच हा साठा खर्ची पडतो आणि पाणी निघून जाते. पहिल्या किलोंमध्ये चरबी थोडी आणि पाणीच फार असते. पुन्हा एक दिवस पोटभर भात खाल्ला की काटा परत चढतो आणि माणूस निराश होतो. दोन्ही वेळा त्याची फसगत पाण्यामुळेच झालेली असते.

दीर्घ काळाचे चित्र अधिक संयत आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली आले. कमी पिष्ट घेणाऱ्यांचे वजन सरासरी ६ किलोंनी आणि कमी स्निग्ध घेणाऱ्यांचे ५.३ किलोंनी उतरले. हा फरक नगण्य होता. लक्षणीय बाब अशी, की दोन्ही गटांना एक सूचना समान होती. साखर व मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, शक्यतो घरी शिजवा. उलट, २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डॉ. केव्हिन हॉल यांनी २० व्यक्तींना दोन आठवडे कारखान्यात प्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तेवढे खाऊ दिले. वाढलेल्या जेवणातील साखर, स्निग्धांश व चोथा यांचे प्रमाण जुळविलेले होते. तरीही प्रक्रिया केलेल्या अन्नावर ती माणसे दररोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होती. त्याच संस्थेच्या २०२१ मधील दुसऱ्या प्रयोगात तर पिष्टाचे प्रमाण भरपूर, पण स्निग्धांश अत्यल्प असलेल्या साध्या शाकाहारावर लोकांनी जवळजवळ बिनपिष्टाच्या आहारापेक्षा कमी कॅलरी घेतल्या.

यावरून एवढे निश्चित म्हणता येते, की धान्य हा काही विषारी पदार्थ नाही आणि धान्यत्याग हा जादूचा मंत्रही नाही. साखर आणि सडलेले, दळलेले, पाकीटबंद धान्य कमी केल्यावर बहुतेकांची ओढ कमी होते, त्यामुळे खाणे सहज आवरते आणि त्यामुळे वजन उतरते. ही साखळी जेथे तुटते तेथे वजनही थांबते.

आपले ताट

हा विषय आपल्याकडे अधिक जिव्हाळ्याचा का, हे सांगण्यासाठी पुण्यातील एक उदाहरण देतो. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एक, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली माणसे दिसावयास बारीक असतात, पण स्नायू कमी आणि पोटाभोवतीची चरबी अधिक. म्हणून वजनकाट्याइतकेच महत्त्व कमरेच्या मापाला द्यावे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपल्यासाठीची मर्यादा आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीने २०२३ साली देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचे सांगितले. त्याच पाहणीच्या २०२५ मधील अहवालानुसार आपल्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. अहवालातील एक निष्कर्ष तर घराघरांत पोहोचावयास हवा. एकूण पिष्ट तेवढेच ठेवून पांढऱ्या भाताच्या जागी गहू किंवा भरड धान्याचे पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. त्याचा काही भाग डाळी, कडधान्ये व दूध-दह्यातील प्रथिनांना दिला तेव्हा मात्र धोका कमी दिसला. चार पोळ्यांच्या जागी चार ज्वारीच्या भाकऱ्या खाऊन ‘आम्ही गहू सोडला’ असे समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनातही धान्यातून ४५ टक्क्यांपेक्षा अधिक ऊर्जा येऊ नये, असेच सुचविले आहे. तेथेही धान्य शून्यावर आणावयास सांगितलेले नाही.

धान्य सोडणे आपल्या परंपरेला नवे नाही. उपवासाच्या दिवशी आपण गहू, तांदूळ, ज्वारी वर्ज्य करतो आणि साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर रताळ्याचे गोड काप खातो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नाममात्र आणि चोथा नाही. वरीचे तांदूळ तर भरड धान्यच आहे. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही. धान्य गेले, पण त्याच्या जागी काय आले, हा प्रश्न तिने फार पूर्वीच विचारला आहे. वजन उतरविण्याच्या आधुनिक व्रतांनाही तोच प्रश्न विचारावा लागतो. पोळी सोडून कोणी चिवडा, फरसाण आणि पाकिटातील ‘शुगरफ्री’ बिस्किटे धरली, तर व्रत झाले, पण फळ मिळाले नाही.

जागा कशाने भरावी

म्हणून आमचा सल्ला असा, की ताटातून काही काढण्यापूर्वी त्यात काय घालावयाचे ते ठरवावे. दोन वाट्या घट्ट वरण किंवा मटकी, चवळी, हरभऱ्याची उसळ. पालेभाजी आणि कोशिंबीर पोटभर. ताक किंवा दही. मांसाहार करणाऱ्यांनी अंडी, मासळी. एवढे आधी वाढून घ्यावे आणि भाकरी किंवा पोळी नंतर घ्यावी. चारची भाकरी दोनवर येते ती अशाने, निग्रहाने नव्हे. चार वाजताच्या ओढीसाठी मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे घरात असावेत आणि बिस्किटांचा डबा घरात नसावा. दिवसाला सहा कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर हा हिशोब ५० ग्रॅमच्या आसपास जातो, आणि जागतिक आरोग्य संघटना सर्व मिळून २५ ग्रॅमच्या आत राहणे श्रेयस्कर मानते.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. धान्य हे गरिबाचे सर्वांत स्वस्त बळ आहे. दिवसभर शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाला, वाढत्या मुलाला, किडकिडीत झालेल्या क्षयरुग्णाला भाकरी तोडावयास सांगणे हा अन्याय होईल. हा सल्ला बैठ्या जीवनाचा, वाढत्या पोटाचा आणि वाढत्या साखरेचा आहे.

सावधानतेचा इशारा

आता मी सर्वांत गंभीर मुद्द्याकडे येतो. सभागृहातील कोणीही हे भाषण ऐकून उद्या सकाळपासून आपल्या मनाने धान्य बंद करू नये. जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी औषध तेवढेच ठेवून जेवणातील पिष्ट एकदम तोडले तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, भान हरपते आणि रात्री झोपेत हे घडले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येते, त्या घेत असताना पिष्ट फार कमी केले तर रक्तात आम्लता वाढण्याचा दुर्मीळ, परंतु जीवघेणा धोका असतो, आणि साखरेचा आकडा फारसा चढलेला नसल्याने तो ओळखावयास उशीर होतो. रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही कमी करावी लागू शकते. गर्भवती, स्तनदा माता, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि लहानपणापासून इन्सुलिनवर असलेले रुग्ण यांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असा प्रयोग करूच नये. पथ्य बदलण्यापूर्वी औषधांची चिठ्ठी घेऊन या. आधी मात्रा ठरवू, मग ताट बदलू. भान हरपू लागल्याची लक्षणे दिसली, तर त्या क्षणी मात्र साखर हेच औषध आहे. तेव्हा पथ्याचा विचार न करता ती द्यावी. रुग्ण गिळू शकत नसेल तर तोंडात काही न घालता तात्काळ रुग्णालयात आणावे.

घर आणि संस्था

‘यांना राहवेल का’ असे विचारणाऱ्या त्या माउलीला आता उत्तर देता येईल. राहवेल, जर घरात त्यांचे ताट वेगळे नसेल तर. एकासाठी कारल्याची भाजी आणि इतरांसाठी जिलेबी, अशा घरात कोणाचाही निग्रह टिकत नाही. वरण घट्ट झाले, उसळ वाढली, चहातील साखर सर्वांचीच कमी झाली, तर रुग्णाला पथ्य जाणवणारही नाही आणि मुलांनाही लाभ होईल. सणावाराची पुरणपोळी कोणी सोडावयास सांगत नाही. सण वर्षातून मोजके असतात. रोजचा दिवस सण होऊ नये, एवढेच.

आणि अखेरीस देणगीदार व विश्वस्तांना एक नम्र विनंती. आप्तांच्या पुण्यतिथीला, मुलांच्या वाढदिवसाला आपण रुग्णांच्या नातेवाइकांसाठी अन्नदान करता. त्या पंगतीत शिरा, पुरी आणि भात असतो, कारण देताना गोड द्यावे ही आपली भावना असते. त्या भावनेचा मला आदर आहे. परंतु पंगतीला बसलेल्यांपैकी अनेक जण स्वतः मधुमेही असतात, किंवा त्या वाटेवर असतात. आपल्या दानाच्या ताटात शिऱ्याच्या जागी उसळ, पुरीच्या जागी भाकरी, जोडीला ताक आणि एखादे ऋतूतले फळ आले, तर ते दान आणखी दूरवर पोहोचेल. रुग्णाला भेटावयास येताना आपण बिस्किटांचा पुडा आणतो, त्याऐवजी पेरू किंवा शेंगदाण्यांची पुडी आणावी. विश्वस्त मंडळाच्या सभेत आणि आम्हा डॉक्टरांच्या बैठकीत चहाबरोबर जे येते, त्याचाही विचार व्हावा. जे आम्ही रुग्णाला सांगतो ते त्याला आमच्या टेबलावर दिसले, तर आमच्या शब्दाला वजन येईल.